कच्चा राहिलेला कावळा

२ जानेवारी, गुरुवार

ही निरीक्षणांची वही आहे. यात फक्त पक्ष्यांविषयी लिहायचं, घरचं काही आणायचं नाही, असं मी पहिल्याच पानावर स्वतःला बजावून ठेवते.

आज बाबांनी माझी पदवी फ्रेम करून आणली आणि बेकरीत गल्ल्याच्या वर, पावाच्या दरफलकाशेजारी टांगली. आमच्या घरातली ही पहिलीच पदवी, त्यामुळे ती कुठे लावायची यावर बरीच चर्चा झाली. आईला ती बाहेरच्या खोलीत हवी होती. बाबा म्हणाले, "तिथे बघणार कोण? आपणच ना? आपल्याला माहितीये ती पास झालीये." आता पाव घ्यायला येणाऱ्याने आधी मान वर करायची, 'प्राणिशास्त्र' हा शब्द वाचायचा, मग माझ्याकडे बघायचं आणि मग पिशवी पुढे करायची. एका आजोबांनी विचारलं, "मग आमच्या मांजराला बघाल का? दोन दिवस जेवलं नाही." मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. आजोबा बाबांना म्हणाले, "मग शिकली काय?"

बाबा संध्याकाळी माझ्याशी बोलले. ते रागावत नाहीत, पण पिठाचं माप भरावं तसं बोलतात, वरून हात फिरवून सपाट करून. "मार्चअखेरपर्यंत तू तुझं शास्त्र कर. तुझ्या शिक्षणाची नोकरी मिळाली तर मी अख्ख्या गल्लीला केक वाटीन. नाही मिळाली तर एक एप्रिलपासून गल्ल्यावर बस. आईचे गुडघे आता काउंटरला उभं राहायचं म्हणत नाहीत."

हे रास्तच आहे, म्हणून जास्त टोचलं. मी मागच्या अंगणात जाऊन पायरीवर बसले. आणि तिथे, कपड्यांच्या दोरीवर, मला ती दिसली: ताकाच्या रंगाची चिमणी!

(घरचं लिहिलं गेलं. उद्यापासून नाही.)

३ जानेवारी, शुक्रवार

काही पक्ष्यांच्या अंगात जन्मतः रंग कमी तयार होतो आणि ते फिकट, कधी पांढरेच दिसतात. हे फार दुर्मीळ असतं. जेवताना मी हे सगळ्यांना समजावलं. आई म्हणाली, "बिचारी." बाबांनी विचारलं, "पावाला लागत नाही ना ते?"

आत्या जेवत राहिली. ती बाबांची मोठी बहीण. बेकरीतलं पोत्यांचं सगळं काम तिच्याकडे. ती चिमण्यांकडे बघत नाही. तिचं लक्ष कायम एका कावळ्याकडे असतं.

५ जानेवारी, रविवार

मामाकडून कॅमेरा आणला. मामाचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याने जन्मभर लग्नांचेच फोटो काढलेत. त्याने मला बराच वेळ शिकवलं. "डावीकडून घे. हनुवटी जरा खाली असू दे. आणि ती घाबरलेली वाटली तर काहीतरी विनोद कर."

"मामा, ती चिमणी आहे."

"नवऱ्यासुद्धा पहिल्यांदा तशाच बघतात," मामा म्हणाला.

९ जानेवारी, गुरुवार

आज तीन! तिन्ही फिकट, त्यांतली एक तर पाठीवर जवळजवळ पांढरी. म्हणजे हे एकच कुटुंब असणार आणि हा गुण आनुवंशिक असणार. कॅमेरा घाईत रोखला, त्यामुळे पहिले काही फोटो दोरीवरच्या आत्याच्या परकराचे आले.

नोंदी: आत्या सकाळी मैद्याची रिकामी पोती भिंतीपाशी झटकते. ती आत गेली की थोड्याच वेळात हे पक्षी दिसू लागतात. पोती झटकण्याच्या आवाजाला ते बिचकत असावेत आणि नंतरच्या शांततेत त्यांना सुरक्षित वाटत असावं. येण्याआधी ते भिंतीपाशी जमिनीवर अंग घुसळतात, पंख फडफडवतात. फिकट पक्ष्यांची त्वचा नाजूक असते, तिला खाज सुटत असेल.

एक त्रास मात्र आहे: आत्याचा तो कावळा. पाण्याच्या टाकीवर बसून राहतो. रंग बिस्किटासारखा, पंखांच्या टोकांना तर दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा. नवशिक्या माणसाला वाटेल की हाही दुर्मीळच. पण हा दिवसभर पोत्यांत चोच घालून असतो, तेव्हा पीठ लागणारच. शास्त्राच्या विद्यार्थ्याने अशा वेळी डोकं शांत ठेवायचं असतं. मी फसले नाही.

आत्या त्याला 'कच्चा' म्हणते. "बघ की त्याच्याकडे. भट्टीतून लवकर काढलाय. अजून थोडा वेळ ठेवायला हवा होता."

१३ जानेवारी, सोमवार

विचित्र दिवस. आज अंगणात एकही फिकट चिमणी नाही. साध्या, तपकिरी चिमण्या मात्र भरपूर. सकाळपासून दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिले. सोमवारी बेकरी बंद असते, त्यामुळे सगळीकडे शांत होतं, कुणाचा अडथळा नव्हता, तरीही नाही. कच्चा तेवढा आला आणि लेन्सचं झाकण घेऊन गेला.

गेल्या सोमवारीही असंच झालं होतं, हे आत्ता आठवलं. मंगळवारी परत होत्या. याचा एकच अर्थ निघतो. ऋतूनुसार स्थलांतर करणारे पक्षी सर्वांना ठाऊक आहेत. आठवड्यातून एकदा स्थलांतर करणारे पक्षी अजून कुणी नोंदवलेले नाहीत.

मला पाणी पिऊन यावं लागलं.

१४ जानेवारी, मंगळवार

आल्या! सात! मी आनंदाने ओरडले आणि सगळ्या उडाल्या.

१८ जानेवारी, शनिवार

निसर्ग संग्रहालयात सहायकाची जागा निघाली आहे. पदवी हवी आणि स्वतः केलेलं एखादं निरीक्षण फोटोंसह पाठवायचं आहे. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा आई पोळपाट तसाच ठेवून बाहेर आली. बाबा म्हणाले, "निरीक्षण म्हणजे तू रोज बघत बसतेस तेच ना? ते नोकरीत धरतात?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मला आदर ऐकू आला. माझ्याबद्दल नसेल, त्या संग्रहालयाबद्दल असेल. पण आला.

फोटो छापायला मामाकडे दिले.

२२ जानेवारी, बुधवार

फोटो आले. मी थक्क झाले. डोळ्यांना फिकट दिसणाऱ्या चिमण्या फोटोत मोगऱ्यासारख्या शुभ्र आल्या आहेत. मामाला म्हटलं, "काय सुरेख आलेत!" तो लाजला. "जरा हात फिरवला, एवढंच. आपलं घरचं कार्य आहे." त्याला आपल्या कामाचं कधीच कौतुक करून घेता येत नाही.

चुकून कच्च्याचाही एक फोटो त्यात आला. टाकीवर बसलेला. आणि गंमत म्हणजे फोटोत तो साध्या कावळ्यासारखा काळाकुट्ट आहे! म्हणजे मी म्हणत होते तेच खरं. डोळे फसतात, कॅमेरा फसत नाही. आत्याला दाखवला तर ती म्हणाली, "हा आपला नव्हे."

"आत्या, टाकी आपलीच आहे ना?"

"टाकी आपली आहे. कावळा आपला नाही."

प्रेमापुढे पुराव्याचं काही चालत नाही. अर्ज पाठवला.

३० जानेवारी, गुरुवार

कच्चा आज आत्याच्या कपडे भिजवायच्या बादलीत पडला. आत्याने त्याला बाहेर काढलं, पंच्याने पुसलं, भट्टीच्या मागच्या भिंतीशी ऊब घ्यायला ठेवलं. वाळल्यावर जसाच्या तसा बिस्किटाच्या रंगाचा. आत्या म्हणाली, "धुतला तरी जात नाही गं याचा रंग."

मी तिला सांगितलं की मैदा ओला झाला की घट्ट चिकटतो. बेकरीवाल्यांच्या घरात हे मला सांगावं लागतं, याचं नवल वाटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

संग्रहालयातून फोन! तिथल्या पक्षीविभागाच्या प्रमुख बाई स्वतः आमच्या अंगणात येणार आहेत. म्हणाल्या, "इतके पांढरे पक्षी एकाच अंगणात मी नोकरीत कधी पाहिले नाहीत." आणि येणार कधी? येत्या सोमवारी. त्यांना तोच दिवस मोकळा असतो.

मी त्यांना साप्ताहिक स्थलांतराबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. नोकरी मिळायच्या आधी सगळंच सांगू नये.

घरात सांगितलं की सोमवारी पक्षी येत नाहीत. आई म्हणाली, "सोमवारी आपणही नसतोच की दुकानात." बाबा बराच वेळ नखांतलं पीठ काढत बसले. मग म्हणाले, "मग सोमवारी भट्टी लावू."

बाबांनी आजवर एकाही सोमवारी भट्टी लावली नाही. माझे आजोबा वारले तेव्हा शुक्रवार होता आणि तेव्हाही पाव गेलाच होता. त्यांचा सोमवार म्हणजे सोमवार. मी म्हटलं, "पावाच्या वासाने त्यांना घरच्यासारखं वाटेल." बाबा म्हणाले, "वाटू दे."

१० फेब्रुवारी, सोमवार

हे लिहून टाकते, म्हणजे एकदाचं होईल.

पहाटेपासून भट्टी चालू. आईने ठेवणीतले कप काढले. आत्याने "पाहुण्या येणार, अंगण लख्ख हवं" म्हणून कोपऱ्यात साठलेली सगळी जुनी पोती आजच झटकली. सगळी, भिंतीपाशी. मामा कोट घालून आला आणि त्याने बाईंसाठी खुर्चीची जागा उजेड बघून ठरवली.

बाई आल्या. ठेंगण्या, केस कापलेले, गळ्यात दुर्बीण. बाबांनी त्यांना आधी दुकानात नेऊन माझी पदवी दाखवली. मग आम्ही पायरीवर बसलो. आणि चिमण्या आल्या. एवढ्या पांढऱ्या मी त्यांना कधीच पाहिल्या नव्हत्या. मागून दोन कबुतरंही आली, पांढरी. मग शेजारची काळी मांजर भिंतीवरून उतरली, भिंतीपाशी लोळली आणि उठली ती करडी होऊन.

मला तेव्हाच शंका आली. पण मी म्हटलं, "मांजरांतही दिसतो हा गुण."

एक चिमणी आमच्या अगदी समोर बसली आणि तिने अंग झाडलं. धुराचा लोट उठावा तसा पिठाचा लोट उठला. बाईंचा चष्मा पांढरा झाला. चिमणी तपकिरी झाली. दुसरी पाण्याच्या परातीत उतरली, आंघोळ करून तपकिरी होऊन बाहेर आली आणि परातीत खळ तयार झाली.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, बोटाला लागलेलं चाखून पाहिलं. "मैदा," त्या म्हणाल्या.

"एक नंबरचा," बाबा म्हणाले. "आम्ही दुय्यम माल आणतच नाही."

"चिमण्या धुळीत आंघोळ करतात," बाई मला म्हणाल्या, अगदी हळू. "तुम्ही शिकला असाल."

शिकले होते. परीक्षेत आलं होतं. पूर्ण गुण होते. मला भट्टीत जाऊन बसावंसं वाटलं. सोमवारी भट्टी लावलेले बाबा माझ्याकडे बघत होते आणि काय झालं ते त्यांना अजून कळलं नव्हतं, हे सगळ्यात वाईट होतं.

बाईंनी पिशवी उचलली. तेवढ्यात टाकीवरून कच्चा खाली झेपावला, त्यांच्या बशीतला टोस्ट उचलला आणि परत टाकीवर. बाई अर्ध्या उठलेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

"हा कोण?"

"तो काही नाही," मी म्हटलं. माझा आवाज रडका झाला होता. "त्यालाही पीठच लागलंय."

"मी धुतलाय त्याला," आत्या म्हणाली. "निघत नाही. आत्ता नव्हे, लहानपणापासून तसाच आहे."

बाईंनी दुर्बीण लावली. मग माझ्यावर प्रश्नांचा मारा. कधीपासून येतो? कुठे बसतो? सोमवारी येतो का? पिसांच्या मुळाशी रंग कसा आहे? आणि मी धडाधड सांगत सुटले. येतो, सोमवारीसुद्धा येतो. टाकीच्या डाव्या कोपऱ्यावरच बसतो. उजव्या पायाने खाणं धरतो. इतर कावळे त्याला टोचतात, म्हणून ते गेल्यावर येतो. चोच फिकट, डोळे मात्र काळेच. झाकणं, पेन, चमचे नेतो. ज्याचा मी एवढा राग राग केला, त्याच्याबद्दल मला सगळं पाठ होतं.

"फोटो आहे?"

"आहे, पण त्यात तो काळा आलाय."

"तो मीच केला," मामा पुढे होऊन म्हणाला. "एक कावळा अगदीच खराब आला होता, रंग उडालेला. म्हटलं, पोरीचा अर्ज आहे, अशी वस्तू जायला नको. छान काळा करून दिला. आणि चिमण्या उजळ केल्या. नवऱ्यांना करतो तशा."

"मूळ फोटो?"

"पुसला. जागा अडवत होता."

परातीतल्या खळीत एक चिमणी रुतली होती, ती आत्याने काढली.

बाई दारापाशी थांबल्या. "मुली, तुझं बघणं उत्तम आहे. निष्कर्ष भयंकर आहेत. निष्कर्ष काढायला आमच्याकडे पुष्कळ लोक आहेत, बघणारं कुणी नाही. या कावळ्याचा एक खरा फोटो मार्चअखेरपर्यंत आण. मग बोलू." मग मामाकडे बोट करून म्हणाल्या, "याला हात लावू देऊ नको."

२ मार्च, रविवार

वीस दिवस कच्चा आलेला नाही.

सगळे त्याची वाट बघतायत. बाबा रोज सकाळी टाकीवर ताजा पाव ठेवतात, वर लोणी लावून. आई केक ठेवते. आत्या तर अंगणात उभी राहून हाका मारते, "ये रे कच्च्या, तुझ्या नोकरीचं बघ!" नोकरी माझी आहे, हे ती विसरली. इतर सगळे कावळे येतात आणि जाडजूड होऊन जातात.

२३ मार्च, रविवार

आईने मला गल्ल्याचा हिशेब शिकवायला सुरुवात केली. हळूच, काही न बोलता. मीही काही न बोलता शिकते आहे. तिचे गुडघे उतरत्या पायरीवर कुरकुरतात ते मला आधी ऐकू कसं येत नव्हतं?

२७ मार्च, गुरुवार

दुकानात बसल्या बसल्या विचार केला. निष्कर्ष काढायला भीती वाटते आता. म्हणून फक्त जे बघितलं ते आठवत गेले. झाकण: मी बाजूला ठेवलेलं. टोस्ट: बाईंच्या बशीतला. पोतं: आत्या पाठ वळवून असताना. त्याला दिलेलं त्याने काहीही कधी घेतलेलं नाही. आत्याने हातावर धरलेला तुकडा त्याने एकदाही उचलला नव्हता, तिने खाली ठेवून तोंड फिरवलं की मात्र घेऊन जायचा.

आपण त्याचा मानपान करतोय, त्याला चोरी करायची आहे.

हा निष्कर्ष आहे. घाबरत घाबरत घरात सांगितला.

२९ मार्च, शनिवार

टाकीवरचं सगळं उचललं. दुकानाच्या मागच्या दाराशी ट्रेमध्ये टोस्ट मांडले आणि सगळ्यांना सांगितलं की कुणीही तिकडे बघायचं नाही. आई गिऱ्हाईकाशी बोलत राहिली. आत्या पाठ करून पोती मोजत बसली, तीच तीच. बाबांना नाटक जमत नाही. ते छताकडे बघून मोठमोठ्याने शिट्टी वाजवत होते. मी काउंटरखाली कॅमेरा घेऊन बसले होते. बिस्किटं घ्यायला आलेल्या त्याच मांजरवाल्या आजोबांनी विचारलं, "तुमची शिकलेली मुलगी कुठेय?" आई म्हणाली, "अभ्यास करतेय."

आणि तो आला. दारातून चालत, पोस्टमनसारखा. टोस्ट घेतला. तेवढ्यात आजोबा शिंकले. कच्चा उडाला, पण बाहेर न जाता आतच, आणि थेट जाऊन बसला गल्ल्याच्या वर, माझ्या पदवीच्या फ्रेमवर. उजव्या पायात टोस्ट. मी उभी राहिले आणि फोटो काढत सुटले.

३१ मार्च, सोमवार

बाईंना मूळ फोटो जसाच्या तसा नेऊन दिला. त्यांनी खूप वेळ पाहिला. म्हणाल्या, "उद्यापासून या." हा फोटो संग्रहालयात मोठा करून लावणार आहेत.

आईच्या जागी काउंटरला आत्या उभी राहणार आहे. तिने अट घातली की पोती तिच्याशिवाय कुणी झटकायची नाहीत. बाबांनी गल्लीला केक वाटले, सोमवार असून. फोटोची एक प्रत त्यांनी चष्मा लावून पाहिली. "यात तुझी पदवीही आली की! संग्रहालयात लागणार!" मग त्यांचा चेहरा जरा पडला. कच्च्याची शेपटी बरोबर माझ्या नावावर आली आहे. खालचं 'द्वितीय श्रेणी' तेवढं स्वच्छ वाचता येतं.

मामा लगेच म्हणाला, "त्यात काय! शेपटी आखडून देतो. आणि म्हणत असलात तर द्वितीयचं प्रथमही करून देतो, हातासरशी."

कॅमेऱ्याचं कार्ड मी मैद्याच्या डब्यात तळाशी ठेवलं आहे.

१ एप्रिल, मंगळवार

नोकरीचा पहिला दिवस. बाईंनी मला टेबल दाखवलं. टेबलामागच्या भिंतीवर एक पाल होती. पांढरीशुभ्र. असा रंग मी कधी पाहिला नव्हता.

मी आधी जवळ गेले आणि तिच्यावर फुंकर मारली. काही उडालं नाही. भिंतीवरून बोट फिरवलं. चुना नव्हता.

बाईंना अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या सोमवारी ती दिसते का, ते आधी बघते.